‘शकतो’ दिसला की ‘कॅन’ : वारंवार होणारा घोळ आणि त्यावरचा इलाज

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका लहानशा कारखान्यात डिस्पॅच सांभाळणारा एक मुलगा माझ्या संध्याकाळच्या बॅचला यायचा. एका बुधवारी तो वैतागूनच आला. सोमवारी त्यानं गिऱ्हाइकाला मेल टाकला होता : ‘वी कुड डिलिव्हर द पार्ट्स ऑन फ्रायडे.’ त्याच्या मनात होतं, शुक्रवारी आम्ही माल पोचवू शकलो. म्हणजे माल पोचला, आता बिलाचं बघा. गिऱ्हाइकाचं खरेदी खातं दुसऱ्या गावात. गेटवरची पोच त्यांच्यापर्यंत गेलेली नव्हती. त्यांनी वाचलं, ‘शुक्रवारी माल पोचवता येईल, हवं असेल तर.’ त्यांचं उत्तर आलं, ‘प्लीज कन्फर्म.’ आमच्या गड्याला कळेना, पोचून पडलेला माल आता कन्फर्म काय करायचा! त्यानं तेच वाक्य पुन्हा पाठवलं, या वेळी ‘कुड’ ठळक करून.

दोन दिवस असेच गेले. गंमत म्हणजे शाळेतल्या तक्त्यानुसार त्याचं काहीच चुकलं नव्हतं. कॅनचा भूतकाळ कुड, ‘शकतो’चा भूतकाळ ‘शकलो’, म्हणजे शकलो बरोबर कुड. हा हिशोब आपण सगळेच करतो आणि तिथेच फसतो.

दर बॅचला ही तक्रार वेगळ्या वेशात येते. ‘सर, इट कॅन रेन टुडे म्हटलं तर चूक का?’ ‘सर, शकेन म्हणजे विल कॅन ना?’ ‘सर, कॅन एबल टू सगळेच म्हणतात की!’ दोष प्रत्येक वेळी नवा दिसतो, पण मुळात गळती एकाच जागी आहे. ती जागा आधी दाखवतो, मग एकेक लक्षण घेतो. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. मोठ्यानं म्हणून बघा, अर्धी चूक कानालाच कळते.

गळती कुठे आहे

आपण मराठीत ‘शकणे’ हे एक क्रियापद दोन अगदी निराळ्या कामांना जुंपतो. ‘ती दोनशे किलोमीटर सायकल चालवू शकते’ हे तिच्या अंगातल्या ताकदीबद्दल आहे. ‘आज पाऊस पडू शकतो’ हे पावसाच्या ताकदीबद्दल नाही, आपल्या अंदाजाबद्दल आहे. पहिल्यात सामर्थ्य, दुसऱ्यात शक्यता. मराठीत दोन्हीकडे ‘शकतो’ खपून जातो. इंग्रजीत आजच्या, या वेळच्या अंदाजाला कॅन चालत नाही. तिथे माइट, मे किंवा कुड लागतं.

खरं तर मराठी या बाबतीत मुळीच गरीब नाही. सामर्थ्य सांगायला आपल्याकडे तीन वेगळ्या वाटा आहेत. ‘मला गाता येत नाही’ म्हणजे मी गाणं शिकलेलोच नाही. ‘मी आज गाऊ शकत नाही’ म्हणजे गाता येतं, पण आज काहीतरी आडवं आलंय. ‘आता गाववत नाही’ म्हणजे घसा बसलाय, दम संपलाय किंवा मनच होत नाहीये. या शेवटच्या रूपाला शाळेच्या व्याकरणात शक्य क्रियापद म्हणतात. एमपीएससीवाल्यांना ते पाठ असतं, बाकीचे आपण ते रोज वापरून विसरतो. इंग्रज या तिन्ही ठिकाणी एकच वाक्य टाकून मोकळा होतो : ‘आय कान्ट सिंग.’ म्हणजे सामर्थ्याच्या बाजूला आपण श्रीमंत आणि इंग्रजी काटकसरी, त्यामुळे तिथे आपली चूक फारशी होत नाही. शक्यतेच्या बाजूला मात्र इंग्रजी चोखंदळ आहे आणि आपण ‘शकतो’वर भागवतो. त्यातही अलीकडे बातम्यांच्या आणि मेलांच्या मराठीत ‘शकतो’चा सुळसुळाट झालाय. ‘मला पोहता येतं’ म्हणायचं सोडून लोक ‘मी पोहू शकतो’ म्हणतात. मग इंग्रजीत जाताना कुठला ‘शकतो’ कुठल्या जातीचा हे कळणार कसं?

चाचणी : आधी ‘शकतो’ काढा

माझा इलाज साधा आहे. इंग्रजी वाक्य जुळवण्याआधी मराठी वाक्यातला ‘शकतो’ काढून टाका आणि तीच गोष्ट घरच्या मराठीत सांगा. आजी जशी बोलेल तशी. त्या जागी काय आलं ते बघा.

‘येतं’, ‘जमतं’ किंवा ‘करवतं’ असं काही आलं, तर गोष्ट सामर्थ्याची आहे. बिनधास्त कॅन लावा.

‘पडेल’, ‘असेल’, ‘येईलही’, ‘कदाचित’ असं आलं, तर तो अंदाज आहे. माइट, मे, कुड यांपैकी एक घ्या; कॅनला हात लावू नका.

‘कधीकधी’ किंवा ‘एखाद्या वेळी’ असं आलं, तर ती एकंदर रीत आहे, आजची बातमी नव्हे. तिथे पुन्हा कॅन.

आता ‘आज पाऊस पडू शकतो’ हे वाक्य घ्या. आजी काय म्हणेल? ‘आज पडेल हो पाऊस, छत्री ने.’ ‘पडेल’ आलं. म्हणून ‘इट माइट रेन टुडे.’ आणि ‘कसारा घाटात दाट धुकं पडू शकतं’? आजी म्हणेल, ‘घाटात कधीकधी धुकं असतं बाबा.’ ‘कधीकधी’ आलं. म्हणून ‘इट कॅन गेट व्हेरी फॉगी इन द घाट.’ आता तुम्ही रात्री नऊला नाशिकहून निघताय आणि कुणी फोनवर सांगतंय, ‘जपून, आज धुकं असू शकतं.’ घाट तोच, धुकं तेच, पण हा आजचा अंदाज झाला : ‘इट माइट बी फॉगी टुनाइट.’

हा फरक जिरायला वेळ लागतो, म्हणून आणखी थोडं इथेच रेंगाळतो. मुंबईच्या लोकलचं घ्या. ‘पावसाळ्यात लोकल उशिरा धावू शकतात’ हे लोकलबद्दलचं सर्वसाधारण ज्ञान आहे. नवीन माणसाला आपण ते जूनमध्येच नाही, जानेवारीतही सांगू शकतो. ‘लोकल ट्रेन्स कॅन रन लेट इन द मॉन्सून.’ पण प्लॅटफॉर्मवर उभं राहून ‘आजची ८:१२ उशिरा येऊ शकते’ म्हणताना तुमचा डोळा त्या एका गाडीवर आहे. ‘द ८:१२ माइट बी लेट टुडे.’ इथे कॅन घातलं तर इंग्रजी कानाला ते असं लागतं, जणू त्या गाडीला आज उशिरा यायची मुभा दिली आहे.

सगळ्यात फसवं वाक्य मात्र रोजचंच आहे : ‘मी सोमवारी येऊ शकतो.’ याचे दोन अर्थ होतात आणि मराठीत ते आवाजावरून कळतात. चाचणी लावा. ‘मला सोमवारी यायला जमेल’ असं म्हणायचं असेल, तर ‘आय कॅन कम ऑन मंडे’. समोरचा तुमचं नाव वहीत लिहून घेईल. ‘येईनही सोमवारी, बघू’ असं असेल, तर ‘आय माइट कम ऑन मंडे’. समोरचा तुमची वाट बघत बसणार नाही. मुलाखतीची वेळ ठरवताना दुसऱ्याच्या जागी पहिलं लिहून अडचणीत आलेले किमान तिघे माझ्या बॅचमध्ये होऊन गेले. ‘मी तर नक्की म्हटलंच नव्हतं’ ही त्यांची तक्रार. इंग्रजीत म्हटलं होतं.

मे आणि माइट यांत कोण जास्त खात्रीचा, यावर विद्यार्थी फार डोकं शिणवतात. माइट किंचित डळमळीत, मे किंचित औपचारिक, एवढं पुरे. औषधाच्या पाकिटावर ‘मे कॉज ड्राउझिनेस’ छापलेलं असतं. तुमचा मित्र बोलताना माइट म्हणेल. आपल्याला मे वापरायची भीती का वाटते त्याचं कारण वेगळं आहे. वर्गाच्या दारात उभं राहून ‘मे आय कम इन, टीचर?’ म्हणत आपण वाढलो. त्यामुळे मे म्हणजे परवानगी हे इतकं पक्कं बसलं की अंदाजाला तो शब्द सुचतच नाही. सुचत नसेल तर सोडा. बोलताना एकटं माइट नव्वद टक्के काम भागवतं, हा माझा अनुभव, संशोधन नव्हे.

थोडं विषयांतर. इंग्रजी कॅन हा शब्द मुळात ‘जाणणे’ या अर्थाचा. ‘नो’ हे क्रियापद त्याचं भावंड. आपण ‘मला कन्नड येतं’ म्हणतो तेव्हा ‘येणं’ म्हणजे जाणणंच असतं, आणि त्याच ‘येणं’नं आपण ‘पोहता येतं’ हे सामर्थ्यही सांगतो. दोन भाषांनी ज्ञानापासून सामर्थ्यापर्यंत एकच वाट तुडवली. मे आणि माइट यांचं मूळ मात्र बळात आहे. माइट हे नाम आजही ताकद याच अर्थानं वापरतात. आणि आपला ‘शकणे’? तोही संस्कृत ‘शक्’ धातूचा, शक्ती आणि शक्य ही त्याच घरची मंडळी. म्हणजे बळातून शक्यतेकडे जाण्याचा प्रवासही दोन्हीकडे झालाच. फक्त इंग्रजीनं ज्ञानवाला शब्द सामर्थ्याला दिला आणि बळवाला अंदाजाला. आपण बळवाला दोन्हीकडे फिरवतो. गळती तीच.

लक्षण : झालेली गोष्ट ‘कुड’नं सांगितली आणि समोरच्याला ती झालेली वाटलीच नाही

हा डिस्पॅचवाल्या मुलाचा आजार. इथेही मराठीच मदतीला येते. भूतकाळातलं सामर्थ्य आपण दोन रूपांनी सांगतो : ‘पोहता यायचं’ आणि ‘पोहता आलं’. ‘सहाव्या वर्षी मला पोहता यायचं’ म्हणजे अंगात ती कला होती, हवं तेव्हा पोहू शकत होतो. ‘त्या दिवशी मला काठापर्यंत पोहता आलं’ म्हणजे एकदाच, त्या वेळी, जमलं.

‘यायचं’ असेल तर कुड : ‘आय कुड स्विम व्हेन आय वॉज सिक्स.’ ‘आलं’ किंवा ‘शकलो’ असेल आणि गोष्ट एकदाच घडलेली असेल, तर कुड नको. ‘आय वॉज एबल टू रीच द बँक’ म्हणा, किंवा धडपड करून जमलं असेल तर ‘आय मॅनेज्ड टू रीच द बँक’. आणि खरं सांगू? पुष्कळदा ‘शकलो’ हा मराठीतला नुसता नम्रपणा असतो. माल पोचला ना? मग ‘वी डिलिव्हर्ड द पार्ट्स ऑन फ्रायडे’. साधा भूतकाळ, विषय संपला. त्या मुलाला मी हेच एक वाक्य पाठवायला लावलं.

नकारात मात्र ही अट उठते. ‘मला गाडी पकडता आली नाही’ ही एकदाच घडलेली गोष्ट असली, तरी ‘आय कुडन्ट कॅच द ट्रेन’ अगदी बरोबर. का? घडलंच नाही म्हटल्यावर ‘घडलं की नुसतं घडण्याजोगं होतं’ हा संशयच उरत नाही. दिसणं, ऐकू येणं, वास येणं यांनाही सूट आहे. ‘किचनमधून जळका वास येत होता’ : ‘आय कुड स्मेल समथिंग बर्निंग.’ एकाच दिवसाची गोष्ट, तरी कुड चालतं.

लक्षण : ‘कुड’ म्हणजे भूतकाळ, असं घट्ट बसलंय

म्हणून उद्याबद्दल बोलताना कुड वापरायला जीव धजत नाही. आणि कुणी ‘वी कुड मीट टुमॉरो’ म्हटलं की आपण गोंधळतो. तक्त्यानं केलेलं हे नुकसान आहे. कुडला भूतकाळ म्हणू नका, एक पाऊल मागे सरकलेला कॅन म्हणा. कधी ते पाऊल काळात मागे असतं, कधी खात्रीत, कधी आग्रहात.

हे आपल्याला परकं नाही. दुकानात शिरून आपण ‘मला पाव किलो खवा हवा होता’ म्हणतो. होता? आत्ता नको का? साहेबांच्या टेबलाशी ‘जरा बोलायचं होतं’ म्हणतो. काळ मागे नेऊन आपण आग्रह मागे घेतो. ‘कुड यू सेंड द फाइल?’ मध्ये इंग्रजी नेमकं हेच करतं. ‘वी कुड गो बाय बस’ म्हणजे ‘बसनं जाता येईल की’, एक सुचवणी. पटलं तर घ्या. आणि ‘इट कुड रेन’ म्हणजे माइटच्या शेजारचाच अंदाज.

लिहिताना एक अक्षर त्रास देतं, त्याचीही कुळकथा सांगून टाकतो. कुडच्या स्पेलिंगमध्ये जो न बोललेला एल आहे, तो मुळात त्या शब्दाचा नव्हेच. वुड आणि शुड यांच्यात तो वंशपरंपरेनं होता. साधारण १५व्या-१६व्या शतकात त्यांच्या देखादेखी कुडमध्येही घुसवला गेला. म्हणून ‘कुल्ड’ असा उच्चार करणाऱ्यांनी लाजायचं कारण नाही, पण तो थांबवावा.

लक्षण : ‘नसेल’ म्हणायचं होतं, ‘असूच शकत नाही’ म्हणून बसलो

कुणी विचारलं, ‘साहेब ऑफिसात आहेत का?’ तुम्हाला म्हणायचंय, ‘नसतीलही.’ तुम्ही म्हणता, ‘ही कान्ट बी इन द ऑफिस.’ समोरच्यानं ऐकलं, ‘ते ऑफिसात असणं शक्यच नाही,’ आणि तो परत गेला. साहेब आत चहा पीत होते.

अंदाजाच्या नकाराला दोन दरवाजे आहेत. ‘नसेलही’ला ‘माइट नॉट बी’. ‘असणं शक्यच नाही’ला ‘कान्ट बी’. होकारी वाक्यात या वेळच्या अंदाजाला कॅन चालत नाही, पण नकारात आणि प्रश्नात तो हक्कानं येतो : ‘दॅट कान्ट बी ट्रू,’ ‘हू कॅन इट बी?’ रात्री अकराला बेल वाजल्यावर आपण ‘कोण असेल बुवा?’ म्हणतो ते हेच.

उलट टोकाला ‘असणारच’ आहे. ‘गाडी खाली उभी आहे म्हणजे तो घरी असणारच’ : ‘ही मस्ट बी अॅट होम.’ त्याचा नकार करताना बरेच जण ‘मस्ट नॉट बी’ म्हणतात. सरळ ‘कान्ट बी’ म्हणा. मस्ट नॉट ऐकलं की मनाई ऐकू येते.

लक्षण : फोनवर ‘युअर वॉइस इज नॉट कमिंग’

हे प्रत्येक ऑनलाइन मीटिंगला ऐकू येतं आणि भारतात सगळ्यांना कळतंही. बाहेरच्या माणसाला मात्र क्षणभर थांबावं लागतं. मराठीत आवाज येतो, डोंगर दिसतो, वास येतो. कर्ता ती वस्तू असते. इंग्रजीत कर्ता आपण होतो आणि सोबत कॅन येतो : ‘आय कान्ट हिअर यू’, ‘आय कॅन सी युअर स्क्रीन’. ‘आय अॅम नॉट हिअरिंग यू’ नको. इथे सामर्थ्याचा काही प्रश्न नाही, कानांत बिघाड नाही, तरी इंग्रजीची तशी रीत आहे. मराठीत ‘ऐकू येतंय’, ‘दिसतंय’ असं असलं की इंग्रजीत कॅन, एवढं घोकून टाका.

लक्षण : ‘शकेन’चं काय करायचं

‘विल कॅन’ नाही. कॅनला भविष्यकाळाचं रूपच नाही, म्हणून ‘विल बी एबल टू’ उसनं आणावं लागतं. हे एकदा कळलं की दुसरा आजार सुरू होतो : लोक प्रत्येक ‘शकेन’ला ‘विल बी एबल टू’ चिकटवतात आणि वाक्य सरकारी पत्रासारखं होतं. निर्णय आत्ताच होत असेल, तर काम उद्याचं असलं तरी कॅनच पुरे : ‘आय कॅन सेंड इट टुमॉरो.’ आज ते सामर्थ्य नाही, पुढे येणार आहे, असं असेल तेव्हाच लांबलचक रूप : ‘आफ्टर द ऑपरेशन शी विल बी एबल टू वॉक.’ ऑपरेशननंतर तिला चालता येईल. आज येत नाही.

घडून गेलेल्या गोष्टीत हळहळ असेल, तर मराठी-इंग्रजी जोडी छान जुळते. ‘तू मला सांगू शकला असतास’ : ‘यू कुड हॅव टोल्ड मी.’ ‘असतास’साठी ‘हॅव’. तो हॅव गाळला की रुसवा जातो आणि नुसता सल्ला उरतो. आणि ‘तो विसरला असेल’ला ‘ही माइट हॅव फर्गॉटन’. इथेही ‘असेल’साठी ‘हॅव’ हवाच.

किरकोळ दुरुस्त्या, झटपट

‘आय कॅन एबल टू’ : एबल हे क्रियापद नाही, विशेषण आहे, ‘समर्थ’ सारखं. ‘मी समर्थ’ असं आपण ‘आहे’ गाळून म्हणतो, इंग्रजीत अॅम गाळता येत नाही. एक तर ‘आय कॅन’ किंवा ‘आय अॅम एबल टू’. दोन्ही टोप्या एका डोक्यावर नकोत. ‘कॅन टू गो’ आणि ‘ही कॅन गोज’ : कॅननंतर क्रियापद उघडं, पुढे टू नाही, मागे एस नाही. ‘इट कॅन बी हॅपन’ : ‘कॅन बी डन’ पाठ झाल्यामुळे बी कुठेही घुसतं. होणं हे आपोआप होतं, ते कुणी करत नाही. ‘इट कॅन हॅपन’. ‘ही मेबी लेट’ : जोडून लिहिलं तर तो ‘कदाचित’ आहे आणि त्याची जागा वाक्याच्या तोंडाशी, तोडून लिहिलं तर तो ‘असेल’ आहे आणि कर्त्यानंतर येतो. ‘ही मे बी लेट’ किंवा ‘मेबी ही इज लेट’.

सगळं बरोबर लिहिलं, तरी फोनवर उलटं ऐकलं गेलं

हे शेवटी ठेवलंय, कारण वहीत ते दिसतच नाही. पुण्यात एका कंपनीत सपोर्टला असलेल्या एका विद्यार्थिनीनं अमेरिकेतल्या माणसाला सांगितलं, ‘वी कॅन डू इट बाय मंडे.’ तिकडून प्रश्न, ‘व्हाय नॉट?’ ती गप्प. वाक्यात नॉट होतंच कुठे?

आपण कॅन हा शब्द पूर्ण, ठसठशीत, ‘अॅ’ लांबवून म्हणतो. इंग्रजी बोलणारे होकारी वाक्यात कॅनवर जोर देत नाहीत; तो आक्रसून ‘कन’ होतो आणि जोर पुढच्या क्रियापदावर पडतो : ‘वी कन डू इट.’ नकारात मात्र स्वर पूर्ण उच्चारतात आणि जोरही तिथेच देतात. शिवाय अमेरिकन बोलण्यात शेवटचा ट बऱ्याचदा गिळला जातो. म्हणजे त्यांच्या कानाला ठसठशीत ‘कॅन’ ऐकू आला की तो नकारच. ब्रिटिश माणसाशी बोलताना हा धोका कमी, कारण त्यांचा नकार ‘कान्ट’ असा ‘आ’नं होतो आणि वेगळा कळतो.

उपाय दोन. एक, होकारात कॅन खाऊन टाका आणि क्रियापद दाबून म्हणा. दोन, नकार महत्त्वाचा असेल, विशेषतः तारीख किंवा पैसे यांत, तर कॅनवर विसंबू नका. ‘वी आर नॉट एबल टू’ म्हणा, किंवा ‘कॅनॉट’ तोडून म्हणा. सराव असा : मोबाइलवर दहा वाक्यं रेकॉर्ड करा, पाच होकाराची, पाच नकाराची, क्रम उलटापालटा करून. दुसऱ्या दिवशी घरातल्या कुणालाही ती ऐकवा आणि प्रत्येक वाक्याला हो की नाही ते कागदावर लिहायला सांगा. त्या विद्यार्थिनीच्या धाकट्या भावानं पहिल्या दिवशी दहापैकी चार चुकीची लिहिली. आठवड्यानं एक चुकलं, आणि ते ट गिळल्यामुळे.